ऐरणीवरची कुंडी

माझी लेक इंग्लंडात नर्स आहे. 2023 च्या उन्हाळ्यात तिच्याकडं दोन महिने राहून आलो. लंडन एका दिवसात बघून झालं, बाकीचे दिवस सॉमरसेटमधल्या एका खेड्यात काढले, कारण लेक-जावयानं भाड्याचं घर तिथंच घेतलंय. सॉमरसेट म्हंजे गाईगुरांचा आणि सफरचंदाच्या बागांचा मुलूख. दोघं कामावर गेली की मी पायात चप्पल सरकवून गावात फिरायचो.

दहावीपर्यंतच्या इंग्रजीवर पाट्या तेवढ्या वाचता यायच्या. तिथं घरांना नावं असतात. एका घरावर लिहिलेलं ‘ओल्ड बेकरी’, पुढच्यावर ‘ओल्ड पोस्ट ऑफिस’, वळणावर ‘ओल्ड स्कूल हाऊस’. मला आधी वाटलं, आतमध्ये पाव मिळत असेल. दाराशी जाऊन उभा राहिलो, तर आतून कुत्रं भुंकलं. संध्याकाळी लेक हसून म्हणाली, “आबा, तिथं आता लोक राहतात. पूर्वी काय होतं त्याचं नाव ठेवलंय फक्त.”

शेजारी ऐंशी उलटलेले एक म्हातारे शेतकरी होते. उभी हयात गाईंच्या धारा काढण्यात गेलेली. रविवारी लेक मधे बसून दोघांचं बोलणं करून द्यायची. ते सांगत, त्यांच्या लहानपणी त्या एवढ्याशा गावात दोन दुकानं होती, भट्टीचा पाव होता, खाटीक होता, चांभार होता, लोहार होता. तीन मैलांवर रेल्वेचं स्टेशन होतं. 1963 साली बीचिंग नावाच्या साहेबाचा अहवाल आला. दोन हजारांवर लहान स्टेशनं बंद करा, असं त्यात होतं. त्यात यांचंही गेलं. दूध पूर्वी सरकारमान्य मिल्क मार्केटिंग बोर्ड घ्यायचं, गाव कितीही आडवळणाचं असो. 1994 ला ते मोडलं. मग दर परवडेना, तशा एकेकानं गाई विकल्या.

आता गावात उरलंय काय? एक चर्च, एक पब, दिवसातून दोनदा येणारी बस. टपाल ऑफिस गाडीत बसून आठवड्यातून दोन दिवस येतं, तासाभरानं निघून जातं. लाल रंगाची टेलिफोनची खोली अजून उभी आहे, पण आत फोन नाही. हृदय बंद पडलं तर झटका देऊन चालू करायचं यंत्र तिथं टांगलंय. घोड्यांना नाल मारणारा मात्र अजून येतो. त्याची गॅसची भट्टी गाडीतच असते. परीक्षा देऊन, नाव नोंदवूनच हे काम करता येतं, तसा तिथं कायदाच आहे.

एके दिवशी गावाच्या टोकाला गेलो, तर ‘ओल्ड फोर्ज’ ही पाटी दिसली. फोर्ज म्हंजे लोहाराची भट्टी, हे मला माहीत होतं. दगडी भिंती, रुंद दार, आता त्याला काचा लावलेल्या. अंगणात ओंडक्यावर ऐरण होती. तिला काळा रंग दिलेला आणि वर जांभळ्या फुलांची कुंडी. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी वाकून तिच्या कडेवरून हात फिरवला. तापलेलं लोखंड ठोकून ठोकून एका बाजूला झिजली होती. माझ्या पोटात कालवलं.

कारण आमच्या गावातली ऐरणही तशीच एका अंगानं झिजलेली होती. आमच्या लोहारबाबांच्या कामठ्यावर माझं लहानपण गेलं. पेरणीच्या आधी फाळ पाजळायला, कुळवाची पास ठोकून घ्यायला, गाडीच्या चाकाला धाव चढवायला सगळं गाव तिथं. मी भाता ओढायचो. पैशाचा विषय नव्हता, सुगीला खळ्यावर येऊन ते बलुतं घेऊन जायचे. 1996 ला गावातला पहिला ट्रॅक्टर मी आणला, बँकेचं कर्ज काढून. पेढे वाटले. लोहारबाबांनीही खाल्ला. त्या सालापासून माझ्याकडचं त्यांचं काम संपलं आणि बलुतंही. मी काही ठरवून बंद केलं नाही. काम नाही, मग दाणे कशाचे, एवढाच हिशोब. चार-पाच वर्षांत माझं बघून इतरांनीही बैलं विकली.

पुढं एकदा बाबा दारात आले. म्हणाले, “पोरगं तालुक्याला वेल्डिंगच्या दुकानात लागलंय. मी पण जातोय. ऐरण तेवढी तुझ्या वाड्यात ठेव. पैसं नकोत.” मी म्हणालो, “बाबा, जागा कुठंय? ट्रॅक्टरच कसाबसा मावतोय.” आठ दिवसांनी भंगारवाल्याच्या टेंपोत ती बघितली. किलोवर गेली. तेव्हा मला काही वाटलं नाही, हे खरं सांगतो.

त्या रविवारी हे सगळं मी म्हाताऱ्यांना सांगितलं. लेक भाषांतर करता करता मधेच थांबली, तिला हे माहीतच नव्हतं. म्हातारे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमचं दुकान बंद झालं त्या दिवशी सगळं गाव हळहळलं. आणि आदल्या दिवशी आम्ही सगळे मोटारी घेऊन सुपरमार्केटला गेलो होतो.”

पण त्या गावानं पुढं एक केलं. घरटी थोडे थोडे पैसे घालून भाग घेतले आणि हॉलच्या कोपऱ्यात स्वतःचं दुकान काढलं. गावातली माणसं पाळीपाळीनं गल्ल्यावर बसतात, पगार नाही. म्हातारे मंगळवारी बसायचे. मला ते आपल्या सोसायटीसारखं वाटलं. ही वाटही त्यांच्याच देशातली, 1844 साली रॉचडेल गावात विणकरांनी असंच दुकान काढलं होतं. फरक एवढाच, की आमच्या सोसायटीत निवडणुकीला सगळे येतात, साखर घ्यायला कुणी येत नाही.

परत आल्यावर तालुक्याला गेलो. लोहारबाबा कधीच वारलेत. त्यांच्या पोराचं आता स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ऐरणीची गोष्ट काढली. म्हणालो, चुकलं माझं. त्यानं चष्मा वर केला. म्हणाला, “काका, तुम्ही ठेवली असती तरी मी काही परत आलो नसतो. पण आप्पा त्या रात्री जेवले नव्हते.”

मग त्यानं चहा सांगितला. मी ट्रॅक्टरच्या पलटीचा तुटलेला फाळ पुढं केला. त्यानं तो जोडून दिला आणि पैसे घेईना. जबरदस्तीनं दिले. यंदा सुगीला ज्वारीचं एक पोतं त्याच्या दारात टाकून आलो. हिशोब त्यानं फिटत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.