फिल्म वाचायची कोणी?

एक्स-रे काढणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा, यात मला कधी काही खटकलं नव्हतं. मुंबईत एमडी करताना ही वाटणी आम्ही गृहीतच धरली होती. टेक्निशियनने पेशंटला नीट झोपवायचं, एक्स्पोजर द्यायचं, फिल्म धुवायची, पुढचं डॉक्टरांचं. त्यामुळे इंग्लंडमध्ये रेडिओग्राफर स्वतःच्या सहीने रिपोर्ट देतात हे ऐकलं, तेव्हा मी ठणकावून म्हटलं होतं, की हा नुसता पैसे वाचवण्याचा प्रकार आहे. मनात आणखीही काही होतं. एमबीबीएस, मग एमडी, एवढी वर्षं घासली ती कशासाठी? माझ्या विरोधात रुग्णाची काळजी किती आणि पोटावर पाय येण्याची धास्ती किती, हे मी तेव्हा तपासून पाहिलं नव्हतं. आज दोन्ही होत्या असं म्हणते, आणि दुसरी थोडी जास्तच होती.

पुढे एफआरसीआर ही रेडिओलॉजीतली ब्रिटिश परीक्षा देऊन इंग्लंडमधल्याच सरकारी रुग्णालयात काम करू लागले. आधी थोडा इतिहास कळला. एक्स-रेच्या सुरुवातीच्या काळात यंत्र चालवणाऱ्यांत छायाचित्रकार होते, विजेची कामं करणारे होते, आणि त्यांतले काहीजण चित्रात काय दिसतं तेही सांगत. रेडिओग्राफरांची संघटना १९२० साली स्थापन झाली, आणि त्याच दशकात रिपोर्ट देणं हे डॉक्टरांचंच काम असं ठरलं. म्हणजे मी जी वाटणी अनादि समजत होते, ती दोन व्यवसायांमधल्या तहातून आलेली. तह बदलू शकतात.

१९८५मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध झाली. अपघात विभागातल्या फिल्मवर रेडिओग्राफरला काही वावगं दिसलं, तर त्याने तांबडा ठिपका चिकटवायचा, म्हणजे रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरचं लक्ष जाईल. युक्ती छान, पण तिच्यात एक गोची होती. ठिपका नाही याचा अर्थ फिल्म नॉर्मल आहे, की रेडिओग्राफरला पाहायला सवडच झाली नाही? शिवाय ठिपका कशाबद्दल, तेही कळत नाही. म्हणून पुढे काय दिसतं ते दोन ओळींत लिहायची पद्धत आली. १९९०च्या दशकात विद्यापीठांनी रिपोर्टिंगचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केले, आणि नंतर कन्सल्टंट रेडिओग्राफर हे पदही आलं. स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत प्रत्येक मॅमोग्राम दोघेजण स्वतंत्रपणे वाचतात. त्यांतला एक वाचक आज सर्रास रेडिओग्राफर असतो.

मला पटलं ते मात्र हाताखालच्या, किंवा खरं तर बरोबरीच्या, लोकांचं काम पाहून. आमच्या विभागातल्या एक बाई फक्त हातापायांचे एक्स-रे वाचत. छातीचा वाचत नसत, कारण त्यांच्या परवानगीपत्रात छाती नव्हती. ही मर्यादा त्या इतक्या शांतपणे सांगत, की मला आमच्या सगळं-येतं पंथाची आठवण येई. त्यांच्या रिपोर्टांतला ठरावीक वाटा कोणीतरी पुन्हा तपासत असे. माझे इतक्या नियमाने कोण तपासत होतं?

आणि त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी माझ्या अंधाऱ्या खोलीत कधी येत नसे: पेशंट. माणूस हातावर पडलाय, अंगठ्याच्या मुळाशी खळगी दाबली की कळवळतोय, हे त्यांना दिसायचं. मग त्या स्कॅफॉइडचे जादा व्ह्यू तिथल्या तिथे घ्यायच्या. मूल कोपर सरळ करत नाही आणि फिल्ममध्ये मागची चरबीची काळी पट्टी उचललेली दिसतेय, म्हणजे भेग दिसली नाही तरी आत रक्त आहे, असं धरून चालायच्या. मी तीच फिल्म पाहीपर्यंत पोरगं घरी गेलेलं असे.

परत आल्यावर पुण्यात काम करताना जे आधीही डोळ्यांसमोर होतं, ते आता नीट दिसू लागलं. आपल्याकडे जिल्ह्यातालुक्यांतल्या कितीतरी साध्या एक्स-रेंना रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्ट मिळतच नाही. कॅज्युअल्टीतला डॉक्टर ओली फिल्म ट्यूबलाइटसमोर धरतो, आणि मागून टेक्निशियन दादा हळूच म्हणतात, ‘‘डॉक्टर, इथे जरा बघा, क्रॅक वाटतोय.’’ डॉक्टर बघतो, प्लास्टर घालतो. दादांचं बोलणं कुठेही नोंदलं जात नाही. बरोबर निघालं तर श्रेय नाही, चुकलं तर जबाबदारी नाही. टेक्निशियनने निदानात पडू नये असं मी ज्या काळात म्हणत होते, त्या काळातही ते पडतच होते.

म्हणून माझं आजचं मत असं: कॅज्युअल्टीतल्या हातापायांच्या फिल्मपुरतं, शिक्षण देऊन, लेखी आणि नियमित तपासणीखाली हे काम त्यांच्याकडे द्यावं. सीटी-एमआरआयबद्दल माझं जुनं मत अजून तसंच आहे. सोनोग्राफीचा प्रश्न आपल्याकडे वेगळा. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४चा कायदा ती पात्र डॉक्टरांच्याच हाती ठेवतो, आणि तो का आला हे महाराष्ट्राला सांगायला नको. २०२१च्या राष्ट्रीय कायद्याने रेडिओलॉजी तंत्रज्ञांना मान्यताप्राप्त व्यवसायाचा दर्जा दिला, पण दर्जा मिळाला म्हणजे वाचायला शिकवणारे मिळाले असं नाही. शिकवायचं आम्हालाच आहे, आणि आमच्यातले बरेच जण मी पूर्वी होते तिथेच आहेत.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही. साधे एक्स-रे रेडिओग्राफर वाचू लागले, तर आमचे रेसिडेंट ते कुठे शिकणार? तिकडेही ही तक्रार ऐकली होती. माझ्या हाताखालची मुलं एमआरआय झरझर वाचतात आणि छातीच्या साध्या एक्स-रेसमोर अडखळतात. आणि हे तर इथे, जिथे अजून कोणाही रेडिओग्राफरने रिपोर्ट लिहिलेला नाही.