कात टाकणें

‘कात टाकणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत फार स्वस्त झाला आहे. संस्था कात टाकतात, शहरें कात टाकतात; फार काय, पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्या प्राध्यापकानें चष्म्याची चौकट बदलली तरी विद्यार्थी तेंच म्हणतात. हा शब्दप्रयोग आपण सर्पावरून घेतला. पण त्यांतील जोखीम आम्हांस दाखविली ती एका परदेशी कोळिणीनें.

ही कोळीण आठ पायांची. आमच्या भाच्यानें लंडनच्या बिऱ्हाडीं कांचेच्या पेटींत पाळलेली. तळहाताएवढी, केसाळ, गुडघ्यांवर नारिंगी पट्टे असलेली. जात मूळची मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याकडील. भाचा चांगली नोकरी सोडून चार महिने घरीं बसला होता, आणि “दादा, त्याला चार शब्द सांग,” अशी भगिनीची आज्ञा घेऊन आम्ही तेथें उतरलों होतों.

कोळिणीनें कित्येक आठवडे अन्न वर्ज्य केलें होतें. एके रात्रीं तिनें रेशमाचें आंथरूण विणलें आणि त्यावर ती चक्क उताणी झाली. आतां हिचा ग्रंथ आटोपला, असेंच कोणीहि म्हणेल. भाचा हळूच म्हणाला, “मामा, मरतांना हे प्राणी बहुधा पालथेच असतात, पाय पोटाखालीं आंवळून. उताणी झाली म्हणजे कात टाकणार. आतां हात लावायचा नाहीं.”

कोळ्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो. वाढावयाचें तर तोच टाकावा लागतो. आंतील रक्ताचा दाब वाढून पाठीवरचें कवच कडेनें उकलतें, आणि मग जुन्या नळ्यांतून आठहि पाय तसूतसूनें ओढून काढावयाचे. सर्प वरची त्वचाच टाकतो. येथें विषारी सुळ्यांचें आवरण, श्वासेंद्रियांचें अस्तर, फार काय, अन्न शोषणाऱ्या जठराचेंहि अस्तर सोलून निघतें. या वेळीं तिला पळतां येत नाहीं, चावतां येत नाहीं. कोणीं दयेनें ओढूं गेलें तर कोंवळें अंग फाटावयाचें.

एक पाय बराच वेळ अडकून राहिला. भाच्याचा हात दोनदां पेटीच्या झांकणापर्यंत गेला व मागें आला. पहांटेच्या सुमारास तो पाय सुटला. शेजारीं पोकळ देह पडला होता, आणि त्यांतून निघालेली कोळीण निपचित होती. तिचे सुळे दुधाच्या दातांसारखे पांढरे होते. ते कठीण व काळे होण्यास कांहीं दिवस लागतात; तोंवर पेटींत सोडलेला किडाहि तिला इजा करूं शकतो.

भाच्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. या जातींतील नर वयांत आल्यावर सहसा पुन्हां कात टाकीत नाहींत, आणि फार काळ जगतहि नाहींत. माद्या वीसवीस वर्षें जगतात व कात टाकीत राहतात. प्राध्यापकपद मिळतांच वाढ पुरी झाली असें मानणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंची आम्हांस आठवण झाली.

संकटांत धांवून जावें, हें आपणांस लहानपणापासून शिकविलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु जवळ जागत बसून हात आवरणें हीहि एक सेवा आहे, आणि वडीलधाऱ्यांस व शिक्षकांस तीच सर्वांत जड जाते. त्या सकाळीं भाच्यास आम्हीं केवळ चहा करून दिला. मग भगिनीस दूरध्वनि केला : “अग, तो बरा आहे. तूर्त त्याला कोणी हात लावूं नका.”