तक्रार बंद करण्यात आली आहे

बजाजनगरात राहणाऱ्या माणसाला बिघडलेल्या यंत्राचं फारसं नवल वाटत नाही. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याला सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने भोवती उभे राहिले आणि कामगारांच्या घरांनी आमची ही वसाहत वाढत गेली. मी अशाच एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. यंत्र कधीतरी बिघडणार, हे आम्ही धरूनच चालतो. बिघडल्यावर बनवणारा काय करतो, यावरून त्याची पत ठरते.

आमचा एखादा भाग गाडीच्या लाइनवर खराब निघाला, तर नुसता बदलून भागत नाही. तो का खराब झाला, ते लिहून द्यावं लागतं. बोल्ट सैल का राहिला? टॉर्क कमी पडला. का पडला? गनचं कॅलिब्रेशन झालं नव्हतं. का झालं नव्हतं? असं पाच वेळा ‘का’ विचारण्याची ही रीत टोयोटाच्या ताईची ओनो यांनी रूढ केली. वाळूजमधल्या साध्या ऑपरेटरलाही ती ठाऊक असते.

म्हणूनच लेकीच्या लॅपटॉपचं प्रकरण मला जास्त झोंबलं.

ती इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉप हप्त्यांवर घेतला. चौथ्या महिन्यापासून तो चालता चालता बंद पडू लागला. पडदा निळा व्हायचा, चार ओळी उमटायच्या आणि केलेलं काम गडप. कस्टमर केअरला फोन केला की आधी पंधरा मिनिटं संगीत, मग एक गोड आवाज: “सर, विंडोज पुन्हा टाकून बघा.” चार वेळा टाकलं. दोनदा पंढरपूर, नगर नाका, छावणी असं करत शहरातल्या सर्व्हिस सेंटरला नेला. तिथल्या गार खोलीत दहा मिनिटं चालवून त्यांनी कागदावर लिहिलं, ‘दोष आढळला नाही.’ घरी पोचेपर्यंत मोबाइलवर संदेश हजर: ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.’

लॅपटॉप बंद पडत होता, तक्रारही बंद पडत होती. उघडा राहिला तो फक्त हप्ता.

एका रात्री लेक म्हणाली, “अब्बू, मलाच वापरता येत नाही का हो?” पैशाचं दुःख एकवेळ सोसलं असतं. पण वर्गात पहिल्या पाचांत येणारी मुलगी स्वतःच्या हातावर संशय घेऊ लागली, हे मला सोसवेना. अम्मी शेजारीच बसल्या होत्या. लॅपटॉपला हात लावून म्हणाल्या, “मशीनकू बुखार चढ्या सो मेरेकू समजता, उनकू कायकू नै समजता?”

अम्मींचं निदान आम्ही मनावर घेतलं. कारखान्यात ठेवतो तशी एक चेकशीट मी लेकीला आखून दिली: तारीख, वेळ, किती मिनिटांनी बंद पडला, तेव्हा काय चालू होतं. दोन महिन्यांत तेवीस नोंदी झाल्या. बहुतेक सगळ्या अर्ध्या तासानंतरच्या. शिवाय पडदा निळा होतो तेव्हा विंडोज स्वतःच बिघाडाची एक छोटी फाइल लिहून ठेवतं, तिला मिनिडम्प म्हणतात, हेही लेकीनं शोधून काढलं. म्हणजे यंत्र दर वेळी आपलं दुखणं सांगत होतं. ती फाइल एकदाही कोणी मागितली नव्हती.

आम्ही सगळं पाठवलं. उत्तर आलं, तुमच्याकडे ऊन फार. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं हे खरं, आणि मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी गाठतो हेही खरं. पण आमच्या नोंदी डिसेंबर-जानेवारीतल्या रात्रींच्या होत्या. आणि ज्या देशात माल विकायचा, तिथलं ऊन काय ग्राहकानं बांधून ठेवायचं?

शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, मुदत दोन वर्षांची. ‘दोष आढळला नाही’ म्हणणारे ते दोन कागद आम्ही जपून ठेवले होते. वॉरंटीत यंत्र कितीदा नेलं, याचा तोच पुरावा.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. आठवड्याभरात कंपनीचा माणूस घरी आला, मदरबोर्ड आणि पंखा बदलून गेला. आता लॅपटॉप सुरळीत चालतो.

लेकीनं त्याचा कागद दोनदा वाचला. “काय बदललं ते लिहिलंय अब्बू, का बदललं ते नाही लिहिलं.” मग तिनं कंपनीला पुन्हा एक पत्र लिहायला घेतलं. मी तिला अडवलं नाही.