शहाणें सिमेंट

दुधाचे दांत पडण्यासाठींच उगवतात, मग त्यांच्यापायीं एवढा खटाटोप कशाला, अशी समजूत आमच्या सुशिक्षित घरांतूनही अद्याप पक्की आहे. परंतु मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडांत असतात. पांचव्या वर्षीं किडलेल्या दाढेस आणखी पांच-सहा वर्षें चाकरी करावयाची असते. आणि ती अकालीं काढली, तर शेजारचे दांत मोकळ्या जागेंत कलंडतात व मागून येणाऱ्या पक्क्या दांताची वाट अडते.

आमच्या पांच वर्षांच्या नातीची दाढ किडली, तेव्हां ही समजूत आमच्याच घरांत बोलूं लागली. "पडायचीच आहे ती! कशाला छळतां पोरीला?" असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें. गोड घास लागतांच तोंड आवळणाऱ्या आणि एकाच बाजूनें चावणाऱ्या पोरीला रोज भरविणाऱ्या सूनबाईंचें मत अर्थातच निराळें. अखेर दंतवैद्य बाईंनीं कीड खरवडून एक पांढरें सिमेंट भरलें आणि हा पदार्थ 'स्मार्ट' आहे, असें आम्हांस सांगितलें. घड्याळें नि टेलिफोन शहाणे झाल्याचें आम्ही ऐकून होतों. सिमेंटालाही शहाणपण यावें, ह्याचें मात्र नवल वाटलें.

हें ग्लास आयोनोमर सिमेंट विल्सन व केंट ह्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनीं १९७२ सालीं जगापुढें मांडलें. खास कांचेची पूड व पॉलिॲक्रिलिक आम्ल ह्यांपासून तें बनतें, दांताशीं रासायनिक रीतीनें जडतें, आणि कांचेंतील फ्लोराइड हळूहळू बाहेर सोडतें. तोंडांत आम्लता वाढली, म्हणजे नेमकी कीड जोर धरण्याच्या वेळीं, तें हात अधिक सैल सोडतें. आणि टूथपेस्टमधून फ्लोराइड मिळालें, कीं कांहीं अंशीं तें पुन्हां सांठवून घेतें. मात्र तें फार कणखर नाहीं. चावण्याच्या भाराखालीं झिजतें, क्वचित् तुटतेंही.

पुढच्या एका दांतावरील किडीसाठीं बाईंनीं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड सुचविलें. सुई नाहीं, यंत्राची घरघर नाहीं. नुसतें लावावयाचें, आणि पुष्कळदां कीड तेथेंच थांबते. परंतु किडलेला भाग काळा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं हें औषध व तें सिमेंट, दोन्हीं अत्यावश्यक औषधांच्या यादींत घातलीं, हें सांगूनही घरांत शांतता झाली नाहीं. "मुलीची जात, पुढचा दांत काळा, लोक काय म्हणतील?" हा प्रश्न आतां सूनबाईंचा होता. आणि उत्तर आमच्या कुटुंबानें दिलें: "पडायचाच आहे तो! डाग काय जन्मभर राहणार आहे?" युक्तिवाद जुनाच, ह्या वेळीं मात्र तो योग्य जागीं बसला. दोन दिवसांनीं सूनबाईंनीं होकार दिला. डाग पोरीला खुपत नव्हता. तो आम्हां मोठ्यांनाच खुपत होता.

दांत आहेत तर चणे नाहींत, अशी आपली म्हण आहे. आमच्या नातवंडांना चणे मुबलक मिळतात, तेही साखरेंत घोळलेले! अशा वेळीं पदार्थांच्या शहाणपणावर विसंबण्याचा मोह होतो. पण ह्या सिमेंटाचें शहाणपण उसनें आहे. त्याच्या कोठारांत भर पडावयाची, ती घरच्या माणसांच्या हातून. रात्रीं पेंगुळलेल्या मुलीला मोरीपाशीं नेऊन तिच्या हातीं ब्रश देणें व ती दांत घासून होईपर्यंत शेजारीं उभें राहणें, हें काम अद्याप कोणत्याही पदार्थानें पत्करलेलें नाहीं.