परसाकडे झालं का?

आजीच्या घरी सकाळ चौकशीने सुरू व्हायची. कऱ्हाडजवळच्या त्या घरात सुट्टीला चुलत, आते, मामे अशी पोरं मायंदाळ जमायची. चुलीपुढे बसलेली आजी आमची नावं एकमेकांत घालायची, पण प्रश्न कुणाला चुकायचा नाही, "परसाकडे झालं का?" 'हो' म्हणणाऱ्याच्या पुढ्यात चहा आणि शिळी चपाती. 'नाही' म्हणणाऱ्याकडे एकदा बघून ती फडताळाकडे बघायची. तेवढं पुरे असायचं. फडताळात एरंडेलाची बाटली होती.

महिन्या-दीड महिन्याने एखाद्या रविवारी ती बाटली खाली यायचीच. तक्रार असो नसो, रांगेने एकेक पळी, नाक दाबून, वर आल्याचा कडकडीत चहा. मग दुपारपर्यंत ओढ्याच्या वाटेवर आमची जा-ये. एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल आतड्याच्या स्नायूंवर नेमकं कुठे काम करतं, हे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं. तसाच परिणाम गर्भाशयाच्या स्नायूंवरही होतो. दिवस उलटून गेलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजत, त्यात एवढं तथ्य होतं. (डॉक्टरांना न विचारता आता कुणी हा प्रयोग करू नये.)

मी न्हाती झाले आणि हा प्रश्न मला विचारणं बंद झालं. भावांना विचारत. माझ्या पोटाची चौकशी आता पाळीपुरती, तीही कुजबुजत. वसतिगृहात, प्रवासात, लग्नानंतर सासरच्या एकुलत्या संडासाबाहेरच्या रांगेत, रोखून धरणं ही आम्हा बायकांची अंगवळणी पडलेली विद्या. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच विषयावर आहे. रोखू नयेत असे १३ वेग त्यात सांगितले आहेत आणि मलवेग त्यांपैकी एक. चरकाने प्रवासातली बायकांची स्वच्छतागृहं पाहिली नव्हती, एवढंच म्हणेन.

१९९४ साली माहेरी पहिलं बाळंतपण झालं. तेव्हा दवाखान्यात पाऊल टाकताच एनिमा द्यायचे, तशी रीतच होती. सरसकट एनिमा देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना आता सांगते. त्या एनिमामुळे सुरुवातीला पोटात काही नव्हतंच. पलीकडच्या कॉटवर सिझेरियन झालेली बाई होती. सिस्टर दर फेरीला तिला विचारायची, "गॅस सुटला का?" त्यावर तिचं चहापाणी अडलेलं. माझी नॉर्मल. नॉर्मलवालीला कोण विचारतं!

घरी आल्यावर चौकशीला ऊत आला, पण ती सगळी बाळाची. शी केली का, किती वेळा, काळी की हिरवट, आता पिवळी झाली का. आई दुपटं उजेडात नेऊन बघायची, आत्या फोनवरून विचारायची, शेजारच्या काकू तर प्रत्यक्ष पाहणी करून जायच्या. त्या दुपट्यांच्या ढिगाजवळ बसलेल्या मला दिवसचे दिवस काही झालं नव्हतं, हे कुणाच्या गावी नव्हतं. मीही बोलत नव्हते. घरात पेढे वाटताहेत, बारशाची यादी होते आहे, आणि मला भीती एकच, कुंथलं तर टाके तुटतील.

आज वाटतं, त्या खोलीत माझ्या आतड्याला साथ देणारं काहीच नव्हतं. गरोदरपणात वाढलेलं प्रोजेस्टेरॉन आतड्याची चाल मंदावतं आणि ती एका दिवसात पूर्वपदावर येत नाही. वर लोहाच्या गोळ्या. वर अंगावरचं दूध. पाजणाऱ्या आईला दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध येतं आणि त्यात ८७ टक्के पाणी असतं. शरीराला पाणी कमी पडलं की मोठं आतडं मळातलं पाणी शोषून घेतं. उरतो तो खडा. बाळ दूध ओढू लागलं की आईचा घसा सुकतो, हे पाजणारीला कुणी सांगावं लागत नाही. आणि माझ्या उशाशी काय, तर वावडिंग घालून उकळून निववलेल्या पाण्याचं एक फुलपात्र. जास्त पाणी प्यायली तर पोट सुटेल, दूध पातळ होईल, बाळाला सर्दी होईल. आईला तिच्या आईने हेच सांगितलं होतं. पालेभाजी बंद, केळं बंद, पपईचं तर नावच काढायचं नाही. ताटात बाजरीची भाकरी, तूप, लसणीचं तिखट, डिंकाचा लाडू, जेवणानंतर ओवा-बाळंतशेपा, बाजेखाली शेगडी आणि अंगाला घामाच्या धारा. त्या पदार्थांशी माझं भांडण नाही. अळिवाची खीर मला अजूनही आवडते, आणि भिजलेल्या अळिवाचा बुळबुळीतपणा पोटाला चांगलाच. पण असल्या जड खाण्याला पाण्याची जोड लागते, आणि नेमकं तेच तोडलं होतं.

शेवटी धीर करून आईला सांगितलं. तिने लगेच इसबगोल काढलं. दोन चमचे इसबगोल आणि अर्धं फुलपात्र पाणी! इसबगोल म्हणजे बियांच्या टरफलांचा भुसा. उत्तर गुजरातेत उंझा-सिद्धपूरकडे त्याचा मोठा व्यापार चालतो. तो रक्तात शोषला जात नाही, म्हणून दुधातही उतरत नाही आणि पाजणाऱ्या आईला चालतो. पण त्याचं सगळं काम पाणी धरून फुगण्याचं. एका चमच्यामागे मोठा पेलाभर, म्हणजे पाव लिटर तरी पाणी पोटात जायला हवं. अर्ध्या फुलपात्रावर त्याचा आत लगदा झाला. पोट फुगलं आणि होतं त्याहून अवघड होऊन बसलं.

सुटका केली ती तेल लावायला येणाऱ्या मावशींनी. शाळेची पायरी न चढलेल्या, पण गावातल्या निम्म्या बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पोटावर हात ठेवला आणि थांबल्या.

"पोट ताठलंय की गं. परसाकडं झालं न्हाई व्हय?"

आजीनंतर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी रडायलाच लागले. मावशी आईकडे वळल्या. "वैनी, पानी द्या पोरीला. दूध काय वाऱ्यावर येतंय?"

"अहो, पण बाळाला सर्दी..."

"कायबी व्हत न्हाई. तांब्या भरून ठिवा हिच्याजवळ."

तांब्या आला. त्याबरोबर रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आल्या, सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी आलं, दोडक्या-दुधीची भाजी आली. मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुढे परदेशी दवाखान्यांच्या सूचनांत वाचली तेव्हा मला त्यांची फार आठवण झाली. संडासला बसताना स्वच्छ सुती फडक्याची घडी टाक्यांवर हलकेच दाबून धरायची. ताण कमी येतो आणि मनाला धीर येतो. मोकळी झाले, पण सुखासुखी नाही. चीर पडली, आणि पुढे कित्येक आठवडे गरम पाण्याच्या टबात बसणं नशिबी आलं.

शिवाय वेळेचं काय करायचं? सकाळी पोटात काही गेलं की आतड्याला जाग येते, आणि नेमकं तेव्हाच बाळालाही. आत जाऊन बसावं तर दारावर थाप, "आटप गं, रडतोय!" परतवलेला वेग पुन्हा लवकर येत नाही, तोवर खडा आणखी वाळतो. बाळंतिणीला रोज पंधरा मिनिटं दार लावून निवांत बसू देणं, हे मला डिंकाच्या लाडवांहून पौष्टिक वाटतं. गंमत म्हणजे दीडेक महिन्यानंतर अंगावर पिणारं बाळ चार-चार दिवस शी करत नाही, आणि ते नीट पीत-खेळत असेल, वजन वाढत असेल तर त्यात काही वावगं नसतं. माझ्या मुलाने तसं केलं तेव्हा घरात हलकल्लोळ झाला. रात्री डॉक्टरांना उठवलं, ज्याला काही झालं नव्हतं त्याच्यासाठी.

सासऱ्यांच्या म्हातारपणी हा विषय घरात पुन्हा आला, आणि आता न विचारताच उत्तर मिळायचं. अण्णा चहाबरोबर सकाळचा सविस्तर वृत्तान्त देत. २०१५ मध्ये 'पिकू' आला, अमिताभ बच्चनच्या बद्धकोष्ठावर अख्खा सिनेमा! आम्ही खो-खो हसलो, अण्णाही हसले. म्हाताऱ्या पुरुषाच्या पोटावर सिनेमा निघतो आणि लोक तिकीट काढून बघतात; बाळंतिणीच्या पोटावर घरात एक वाक्य निघत नाही. वैद्यकातही फार निराळं नव्हतं. बाळंतपणानंतरच्या बद्धकोष्ठावर कोणता उपचार लागू पडतो हे तपासायला कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी जगभरच्या चाचण्या धुंडाळल्या. २०१४ मध्ये त्यांनी कळवलं की, निकषांत बसणारी एकही सापडली नाही.

अलीकडे सून बाळंत झाली, पुण्यात. घरी आली त्याच संध्याकाळी मी तिला विचारलं. आधी लाजली, मग हसली, मग घडाघडा बोलली. कमोडवर बसल्यावर पायाखाली घ्यायला पाट दिला; त्याने गुडघे वर येतात आणि जोर कमी लागतो. डॉक्टरांनी लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध दिलं, इसबगोलासारखं तेही जवळजवळ सगळं आतड्यातच राहतं. लोहाच्या गोळ्या मात्र चालू ठेवल्या. सरकारी कार्यक्रमातही बाळंतपणानंतर १८० दिवस त्या घ्यायला सांगतात, आणि आपल्याकडच्या बायकांना त्यांची गरज असतेच. पोट कडक होतं म्हणून गोळ्या गुपचूप टाकून देणाऱ्या मी पुष्कळ पाहिल्यात. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून मिळते. एरंडेल किंवा सोनामुखी मात्र पाजणाऱ्या आईने आपल्या मनाने घेऊ नये. आणि रक्त पडलं, पोट फुगून उलट्या झाल्या, शी धरून ठेवता येईना, तर मनुका आणि पाट बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

सुनेच्या डिस्चार्जच्या कागदावर बाळाच्या लसींच्या तारखा होत्या, टाक्यांचं मलम होतं, पुढच्या तपासणीचा दिवस होता. पोटाबद्दल अक्षर नव्हतं. प्रसूतिगृहं चालवणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की, त्या कागदावर मराठीत दोन ओळी छापा. बाळाला पाजायला बसाल तेव्हा शेजारी पेलाभर पाणी घ्या. आणि शौचाला बसल्याने टाके सहसा उसवत नाहीत.