झळ

झळ हा शब्द मला चुलीपाशी मिळाला. "मांगं सरक, झर लागते," आई म्हणायची. आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही, त्याच्या जागी 'र' येतो. शाळेत गेल्यावर त्या झरेची झळ झाली. पुढे वर्तमानपत्रांत महागाईची झळ, दुष्काळाची झळ वाचत गेलो. त्याच सुमारास औषधांच्या कागदांवर 'दुष्परिणाम' भेटला. औषधाचा दुष्परिणाम म्हटले की वाक्य पुरे होते. झळ म्हटली की मात्र लगेच विचारावे लागते, कोणाला? म्हणून मला हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

चिखल्यात राहिल्यावर तर तो रोजचाच झाला. तुमसर तालुक्यातले हे गाव मँगनीजच्या खाणीचे. या पट्ट्यातल्या खाणी ज्या ब्रिटिश कंपनीकडे होत्या तिची सुरुवात १८९६ची. १९६२ मध्ये सरकारी भागीदारीची मॉईल ही कंपनी आली. मँगनीजशिवाय चांगले पोलाद होत नाही. देशातल्या रुळांत, पुलांत आमच्या जमिनीचा वाटा आहे याचा मला अभिमान आहे. खाणीच्या पगारावर इथली कितीतरी घरे उभी राहिली.

भुयारातून खनिज काढले की पोकळी उरते. ती तशीच ठेवली तर छत खाली येईल, म्हणून पाण्याबरोबर रेती सोडून ती भरतात. माणसे जगावीत यासाठीच हे केले जाते. पण रेती नदीची असते. पात्रातून ती बेसुमार उपसली, मग ती खाणीसाठी असो की शहरातल्या इमारतींसाठी, की पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणी उतरते. ज्याने खाण कधी आतून पाहिली नाही त्या धानवाल्या शेतकऱ्याला झळ लागते. कोणी त्याचे वाईट चिंतलेले नसते, आणि याच कारणाने त्याला दाद मागायला दार सापडत नाही.

मँगनीजची झळ जगात आधी ग्लासगोत नोंदली गेली. कापड पांढरे करणारी पूड बनवण्यासाठी तिथले कामगार मँगनीज दळत. त्यांचे पाय लुळे पडू लागले, चालताना ते पुढे झुकू लागले. डॉ. कूपर यांनी १८३७ मध्ये हे लिहून ठेवले. आज खाणीत छिद्रे पाडताना धूळ बसावी म्हणून पाणी वापरतात, त्यामागे कोणाला झळ लागते हे आधी मोजल्याची समज आहे.

ग्रामसभेत रेतीघाटाचा विषय निघतो तेव्हा मीही उठतो. काठावर विहिरी कोणाच्या, उन्हाळ्यात पाणी किती हातांवर, एवढे कागदावर लिहून घ्या म्हणतो.