एका इंचाचा माणूस

वीसेक वर्षांच्या खंडानंतर आम्ही लष्करी प्रतिकृतींकडे पुन्हा वळलो, ते ‘नॅट’ या लढाऊ विमानाच्या निमित्ताने. प्रमाण १:७२. फूट-इंचांच्या हिशेबात ही संख्या मोठी सोयीची. सहा फुटी माणूस बरोबर एका इंचाचा होतो, आणि पावणेनऊ मीटरांचे विमान १२ सेंटिमीटरांत तळहातावर मावते.

शाळकरी वयात वैमानिक चिकटवून विमान घरभर उडवण्याचीच घाई असे. आता सांधे घासण्यात, पातळ रंगाचे थर चढवण्यात, भिजवलेली चिन्हे जागेवर सरकवण्यात संध्याकाळी जातात. धुराचे डाग रंगवताना मात्र शंका येते. ही झीज छायाचित्रांतून आली, की विमान ‘लढलेले’ दिसावे म्हणून आम्हीच रचली? वास्तववादी कादंबरीला विचारावा तोच हा प्रश्न. (गंजाने माखलेले चिमुकले रणगाडे आम्हांला भडक विशेषणांसारखे वाटतात.)

१४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात सहा सेबर विमानांशी लढताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांना मृत्यू आला, तो नॅटमध्येच. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आमच्या चिमट्यातला वैमानिक बसलेला, म्हणून इंचाहूनही लहान आहे. डोळे रंगवावेत एवढी जागा त्याच्या चेहऱ्यावर नाही. विमान पुरे होऊन महिना झाला. कॉकपिट अजून रिकामेच आहे.